चूक स्वस्त असते तेव्हा

जानेवारीच्या सुरुवातीच्या एका शनिवारी अमेरिकेतल्या हजारो शाळांमधली मुलं पडद्यासमोर बसलेली असतात. ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चा, म्हणजे एफआरसीचा, त्या वर्षीचा खेळ जाहीर व्हायचा असतो. नियमपुस्तिका आधीच संगणकावर उतरवून ठेवलेली असते, पण कुलूपबंद. प्रक्षेपणात परवलीचा शब्द सांगितला जातो, पुस्तिका उघडते आणि खोलीत गोंगाट सुरू होतो. दरवर्षी खेळ नवा. कधी चकत्या फेकायच्या, कधी फोमच्या कड्या, कधी पीव्हीसी पाइपचे तुकडे उंच खांबांवर अडकवायचे. २०२५ च्या नियमांनुसार रोबोटचं वजन बॅटरी आणि बंपर सोडून ११५ पौंड, म्हणजे ५२ किलोच्या आसपास, आणि सांगाड्याचा घेर जास्तीत जास्त १२० इंच. तीन-तीन रोबोटांच्या दोन आघाड्या समोरासमोर येतात. त्या वर्षी अडीच मिनिटांत सामना संपायचा. त्यातले पहिले १५ सेकंद रोबोटने कुणी न चालवता, स्वतःच्या प्रोग्रॅमवर खेळायचं होतं. स्पर्धांचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून सुरू होतो. हाताशी असतात जेमतेम सात-आठ आठवडे.

त्या खोलीत मुलांबरोबर काही मोठी माणसंही असतात. कुणी यंत्र अभियंता, कुणी वेल्डिंग करणारा, कुणी सॉफ्टवेअर कंपनीतली बाई, कुणी शाळेतलेच विज्ञानाचे शिक्षक. यांना मेंटॉर म्हणतात. वीस वर्षं यंत्रं जुळवलेल्या माणसाला नियम वाचता वाचताच रोबोट दिसू लागतो : हात इथे, रोलर तिथे, मोटर अशी बसवायची. दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्याकडे उत्तर तयार असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्या उत्तराचं तो काय करतो यावर पुढचे आठ आठवडे ठरतात.

उत्तर देऊन टाकलं, तर शाळेला चांगला रोबोट मिळतो आणि मुलांना स्क्रू पिळायचं काम. गप्प बसून राहिलं, तर मुलं मार्चमध्ये न चालणारं यंत्र घेऊन मैदानात उतरतात. त्यातून शिकण्यासारखं फार काही नसतं, कारण इतक्या उशिरा दुरुस्त करायला वेळच उरत नाही. चांगला मेंटॉर चुकांच्या किमतीवर नजर ठेवतो. पहिल्या आठवड्यात कागदावर केलेल्या चुकीची किंमत एक कागद. दुसऱ्या आठवड्यात प्लायवूडमध्ये केलेल्या चुकीची किंमत एक संध्याकाळ. तीच चूक चौथ्या आठवड्यात अ‍ॅल्युमिनियममध्ये निघाली तर आठवडा जातो, आणि मैदानात निघाली तर सामना. चूक तीच, शिकवण तीच, किंमत मात्र दर आठवड्याला चढत जाते. म्हणून जितक्या चुका व्हायच्या तितक्या लवकर, स्वस्तात होऊ द्यायच्या, आणि महाग होऊ लागल्या की आपला हात पुढे करायचा. माझ्या मते मेंटॉरचं सगळं कसब या एका हिशेबात आहे.

या स्पर्धेची मुळं एका वर्गात आहेत. एमआयटीमध्ये प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम चालवत. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखंच सामान मिळे, आणि सत्राच्या शेवटी त्यातून घडवलेली यंत्रं एकमेकांशी झुंजत. सामान सारखं, वेळ सारखा, तरी एकासारखं दुसरं यंत्र नसे. इन्सुलिन पंपापासून पुढे सेगवेपर्यंत शोध लावणाऱ्या डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, तेव्हा त्यांनी फ्लॉवर्सना सोबत घेतलं. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर शहरात, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज तीन हजारांहून जास्त संघ खेळतात. फ्लॉवर्स २०१९ मध्ये गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार मेंटॉरनाच दिला जातो, आणि त्यासाठीची शिफारस मुलांनी लिहायची असते. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला कुणी शिकवलं हे शिकणाऱ्याइतकं नेमकं कुणाला सांगता येणार?

रोबोट मुलांनी बांधायचा की मोठ्यांनी, हा वाद मात्र मिटलेला नाही. शाळांच्या ‘व्हेक्स’ स्पर्धेत रचना, जोडणी आणि प्रोग्रॅम विद्यार्थ्यांचाच हवा, असं लेखी धोरण आहे. फर्स्टने अशी अट कधीच घातली नाही. त्यांची भूमिका अशी की मुलांनी अभियंत्यांच्या शेजारी उभं राहून काम करावं, कारण असा माणूस जवळून पाहणं हाच अनेकांसाठी निम्मा अनुभव. म्हणून एफआरसीच्या मैदानात काही रोबोट पाहून लोक कुजबुजतात, की हे मुलांचं काम नाही. ही कुजबुज पुष्कळदा अन्यायाची असते. लेथवर मेंटॉरचा हात होता की मुलीचा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शाफ्ट अर्ध्या इंचाचा घ्यायचा हे कुणी ठरवलं आणि का, हे त्या मुलीला सांगता येतं का, तेवढं विचारावं.

सगळ्यात स्वस्त चुका पहिल्या दोन-तीन दिवसांत होतात, आणि नेमके तेच दिवस बरेच संघ घाईत उधळून टाकतात. ‘रोबोटने काय करायचं’ हे ठरण्याआधीच ‘कसं करायचं’ यावर भांडणं सुरू होतात. कॅनडातल्या ‘सिम्बॉटिक्स’ या नामांकित संघाचे मेंटॉर राहिलेले कार्तिक कनगसभापती यांचं डावपेचांवरचं व्याख्यान मेंटॉर मंडळींत आवडीने ऐकलं जातं. त्यांचा पहिला नियम असा, की आपल्या संघाच्या कुवतीत बसेल तेच बांधा. ऐकायला सोपं आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलांना ते पटवायचं तर आकडे लागतात.

२०२४ चा खेळ घ्या. नारिंगी फोमच्या, १४ इंच व्यासाच्या कड्या उचलून एका उंच तोंडात फेकायच्या होत्या. सामन्याच्या मुख्य भागात अशा प्रत्येक कडीचे २ गुण, आघाडीने आधी तजवीज केली असली तर थोडा वेळ ५. शेवटी साखळीला लटकायचे ३ गुण. आणि लटकलेल्या अवस्थेत, वर बसवलेल्या एका पेटीत कडी सरकवली तर आणखी ५. त्या पेटीने जानेवारीत सगळ्यांनाच भुरळ घातली. अशा वेळी ‘ते जमणार नाही’ असं मेंटॉरने म्हटलं की मुलं हट्टाला पेटतात. त्याऐवजी फळ्यावर हिशेब मांडायला सांगावं. खेळायला दोन मिनिटं धरली आणि एक कडी आणून फेकायला १५ सेकंद लागले, तर ८ कड्या होतात. तोच फेरा १० सेकंदांवर आणला तर १२. म्हणजे चार कड्या जास्त, साध्या दरानेही ८ गुण जास्त. पेटीचे ५ गुण एकदाच, त्यासाठी वेगळी यंत्रणा, आणि ती बांधण्यात दोन आठवडे. हा हिशेब मुलीने स्वतः मांडला की पेटी तिच्याच हातून पुसली जाते. मेंटॉरने फक्त एक प्रश्न विचारलेला असतो : एका फेऱ्याला किती वेळ लागतो?

मग प्लायवूडचे दिवस येतात. दोन फळ्या, त्यांच्यामध्ये रबरी चाकं लावलेला दांडा, आणि तो फिरवायला हातातलं ड्रिल मशीन. एवढ्यावर चेंडू किंवा कडी आत ओढली जाते का ते कळतं. दाब किती हवा, चाकं किती अंतरावर हवीत, रबर मऊ हवं की कडक, हे प्रश्न संगणकावरच्या चित्रात सुटत नाहीत. दोन गट असतील तर दोन नमुने होऊ द्यावेत, आणि आपल्याला दुसरा आवडत असला तरी पहिल्यालाही वेळ द्यावा. इथे मेंटॉरच्या तोंडी एकच वाक्य शोभतं : मोजलंस का? चाळीस वेळा टाकून किती वेळा आत गेली, हे वहीत लिहिलेलं असलं की वाद आवाजाच्या जोरावर चालत नाही.

एक अपवाद आधीच सांगितला पाहिजे. हातापायाची चूक कधीच स्वस्त नसते. या रोबोटांच्या हवेच्या टाकीत १२० पीएसआयपर्यंत दाब असतो, ताणलेल्या रबरी नळ्या असतात, आणि मोटर एका क्षणात बोट ओढून घेऊ शकते. डोळ्यांवर गॉगल नसेल तर प्रश्नोत्तरं नाहीत, हिशेब नाही. काम तिथेच थांबवायचं. हे हुकूम म्हणूनच सांगायचं असतं आणि मुलंही ते तसंच ऐकतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोबोट चालू लागतो आणि एक ठरलेला आजार डोकं वर काढतो. रोबोट वेगाने जाऊन दुसऱ्याला धडकतो, रेटतो, आणि मध्येच लुळा पडतो. दोन सेकंदांनी पुन्हा जिवंत होतो. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं तारांना दोष देतात, तारा जोडणारी प्रोग्रॅमला. खरं कारण बहुधा ओहमच्या नियमात असतं. रोबोटवर १२ व्होल्टची, साधारण सहा किलोची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. पूर्ण भरली की ती १२.७ व्होल्ट दाखवते. बॅटरीचा आतला रोध, तारा आणि जोडण्या मिळून वीस मिलिओहम धरू. चारही चाकं रेटत असताना २०० अँपिअर सहज वाहतात. ०.०२ गुणिले २००, म्हणजे ४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि रोबोटपर्यंत ८.७ पोहोचतात. इथवर ठीक आहे. आता बॅटरीच्या टोकाचा नट जरा सैल असला आणि त्याने आणखी दहा मिलिओहम वाढवले, तर ६ व्होल्ट जातात आणि उरतात ६.७. रोबोटचा मेंदू, म्हणजे रोबोरिओ २, ६.७५ व्होल्टच्या खाली गेला की स्वतःला वाचवण्यासाठी मोटरींची आज्ञा बंद करतो. दोष प्रोग्रॅममध्ये नव्हता, सैल नटात होता.

अनुभवी मेंटॉर बॅटरीची तार हाताने हलवून दोन सेकंदांत हे ओळखतो. सरावाच्या खोलीत त्याने ते बोलून दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. संगणकावर प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजची नोंद राहते. ‘थांबला त्या क्षणीचा आलेख काढ’ एवढंच सांगावं. आलेखातला खड्डा दिसतो, मग मुलं खड्ड्याच्या मागे लागतात, जोडण्या एकेक करून तपासतात, आणि तासाभराने नट सापडतो. तो तास वाया गेला असं वाटतं, पण त्या तासानंतर ती मुलं कुठल्याही रोबोटवरचा हा आजार ओळखतात. स्पर्धेच्या दिवशी मात्र, सामना सहा मिनिटांवर असताना तोच नट सैल दिसला, तर मेंटॉरने सरळ पाना उचलावा. आता चुकीची किंमत वेगळी आहे.

मुलांवर किती सोपवता येतं याचं सगळ्यात धीट उदाहरण मला एफआरसीबाहेरच्या एका स्पर्धेत सापडतं. ॲरिझोनातलं फिनिक्स हे वाळवंटातलं शहर. त्याच्या पश्चिम भागातल्या गरीब वस्तीत कार्ल हेडन हायस्कूल आहे. तिथले विज्ञानाचे शिक्षक फ्रेडी लाजवर्दी आणि संगणक शिकवणारे अ‍ॅलन कॅमरून यांनी २००४ मध्ये चार मुलांना घेऊन पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटांच्या ‘मेट’ स्पर्धेत उतरायचं ठरवलं. ऑस्कर वास्केझ, लोरेन्झो सँतियान, क्रिस्तियान आर्सेगा आणि लुइस अरांदा ही ती मुलं. मेक्सिकोतून आलेली, अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेली.

स्पर्धेत दोन गट होते. शिक्षकांनी वरचा, महाविद्यालयांचा गट निवडला. शाळांच्या गटात हरलो तर मन खचेल, मोठ्यांच्या गटात हरण्यात कमीपणा नाही, असा त्यांचा विचार. मला हा निर्णय मेंटॉरगिरीचा नमुना वाटतो. एकही तार न जोडता त्यांनी अपयशाची किंमत कमी करून टाकली, आणि मुलं मोकळेपणाने धाडस करू शकली.

पैसे सुमारे आठशे डॉलर होते. याच गटात एमआयटीचा संघही होता, त्याच्याकडे दहा हजारांहून जास्त. मुलांनी सांगाड्याला पीव्हीसी पाइप घेतले. ते स्वस्त तर होतेच, शिवाय आतल्या हवेमुळे तरंगण्याची सोयही आपोआप झाली. पाइप चिकटवण्याच्या द्रवाला उग्र वास येई म्हणून रोबोटचं नाव ‘स्टिंकी’ पडलं. बॅटरी काठावर ठेवून जाड केबलने वीज पाठवायची, की बॅटरी रोबोटवरच बसवायची? त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यात धोका होता, कारण पाणी शिरलं तर सगळंच संपणार, पण केबल बारीक राहिली आणि रोबोट चपळ झाला. स्पर्धेत पाण्याखालच्या एका पिंपातून द्रवाचा नमुना काढायचा होता. त्याला वाकवलेली तांब्याची नळी, छोटा पंप आणि एक साधा फुगा पुरला. तापमान कसं मोजावं हे ठाऊक नव्हतं, तेव्हा मुलांनी स्वतः एका मोजमापाच्या उपकरणांच्या कंपनीत फोन करून तिथल्या जाणकाराला गाठलं. शिक्षकांना तो फोन दोन मिनिटांत करता आला असता.

सराव फिनिक्समधल्या एका स्कुबा प्रशिक्षण केंद्राच्या तलावात झाला. जूनमध्ये सगळे कॅलिफोर्नियात सांता बार्बराला पोहोचले, आणि तिथल्या सरावात बॅटरीच्या जलरोधक पेटीत पाणी झिरपू लागलं. नवी पेटी मिळवायला आणि जोडायला वेळ नव्हता. लोरेन्झोने सुचवलं, पेटीत पाणी शोषून घेणारं काहीतरी ठेवू. मासिक पाळीत वापरतात ते टॅम्पॉन त्याला आठवले. तो दुकानात गेला, कुठले घ्यावेत हे एका अनोळखी बाईला विचारलं आणि पाकीट घेऊन आला. मोठ्या माणसाला ही कल्पना सुचली असती का, याची मला शंका आहे. आणि सुचली असती तरी दुकानात जाऊन तो विचारता झाला असता का, याची त्याहून जास्त. पेटी कोरडी राहिली. स्टिंकीने पिंपातून द्रव काढला. परीक्षक अभियंत्यांसमोर चौघांनी प्रत्येक निर्णयाचं कारण सांगितलं, कारण प्रत्येक निर्णय त्यांचाच होता. निकालात कार्ल हेडन पहिलं, एमआयटी दुसरं. तांत्रिक लेखन आणि रचनेतील सुबकता या दोन्हींचे पुरस्कारही या शाळेला मिळाले. पत्रकार जोशुआ डेव्हिस यांनी २००५ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ही हकिगत लिहिली, पुढे तिचं पुस्तक आणि चित्रपटही झाला. त्या मुलांच्या पुढच्या वाटा मात्र खडतर होत्या, कारण कागदपत्रांचा प्रश्न स्पर्धा जिंकून सुटत नाही. याच शाळेच्या एफआरसी संघाने, ८४२ क्रमांकाच्या ‘फाल्कन रोबोटिक्स’ने, २००८ मध्ये फर्स्टचा सर्वोच्च मान, चेअरमन्स अवॉर्ड, मिळवला.

एफआरसीच्या मैदानात रोबोट चालवणारी, मैदानाकडेने वस्तू देणारी आणि दुरुस्ती सांभाळणारी सगळी मुलंच असावी लागतात. चालकांच्या मागे उभा राहणारा एक प्रशिक्षक तेवढा मोठा चालतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या पिटमध्ये दोन सामन्यांच्या मध्ये काय तपासायचं याची यादी मुलांनीच बनवलेली असावी आणि मोठ्याने वाचली जावी. या स्पर्धेत शेजारच्या, म्हणजे पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या, रोबोटला सुटा भाग देऊन मदत करतात, आणि फर्स्टमध्ये या वागण्याला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ असं नावच आहे. ही रीत मुलं भाषणातून शिकत नाहीत. मेंटॉर स्वतःची हत्यारपेटी उचलून समोरच्या पिटमध्ये जातो, ते पाहून शिकतात.

कॅलिफोर्नियातल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा हंगाम ओळखीचा आहे. जानेवारी ते मार्च कितीतरी आईबाबांची शनिवारची सकाळ शाळेच्या वर्कशॉपमध्ये जाते. भारतातही मुंबईच्या मुलांनी एफआरसीत भाग घेतला आहे. महाविद्यालयीन पातळीवर पुण्याने २००८ आणि २०१४ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या रोबोकॉनचं यजमानपद केलं. अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभर दहा हजारांवर टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, प्रत्येकीला २० लाखांपर्यंत अनुदान मिळालं. थ्रीडी प्रिंटर आले, सेन्सरचे संच आले. यंत्रांपाठोपाठ माणसं लागतात हे ओळखून २०१७ मध्ये मेंटॉरसाठी वेगळी योजनाही सुरू झाली. या लॅबमध्ये आठवड्यातून एकदा येणारा अभियंता मुलांसमोर तयार प्रकल्प ठेवतो की प्रश्न ठेवतो, हे प्रिंटरच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि ते कुठल्याही अनुदानाच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.

स्पर्धा संपली तरी एक काम उरतं. शाळेच्या संघातली साधारण चौथाई मुलं दर उन्हाळ्यात बारावी होऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर बॅटरीच्या नटापासून डावपेचांपर्यंत सगळं ज्ञानही जातं. म्हणून जाणते संघ सप्टेंबरमध्ये जुना रोबोट नव्या मुलांपुढे ठेवतात आणि त्यांना तो पूर्ण सुटा करायला लावतात. गिअरबॉक्स उघडायचा, दात मोजायचे, मिनिटाला ६००० फेऱ्यांची मोटर आणि ६.७५ चं गुणोत्तर असेल तर चार इंची चाकावर वेग किती येईल ते काढायचं. उत्तर सेकंदाला सुमारे ४.७ मीटर येतं. मग रोबोट पुन्हा जोडायचा आणि मैदानात पळवून घड्याळ लावायचं. प्रत्यक्ष वेग नेहमीच कमी भरतो. तो किती कमी भरला आणि का, हे शोधायला ऑक्टोबरभर वेळ असतो. या महिन्यात जुनी मुलं शिकवतात, नवी चुकतात आणि मेंटॉर बहुतेक वेळ भिंतीशी खुर्ची टाकून बसलेला असतो.